गंज काढा, पाणी उतरवू नका

रविवारी सकाळी मामाचा फोन. “अरे, आजोबांचा तो लाल स्विस चाकू आठवतो का, ड्रॉवरमध्ये पडून असायचा? आज त्याला नवा करतोय. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला होता. आता नुसतं ब्लीच ओतायचं राहिलंय, फेस आला की झालं.”

“मामा, बाटली खाली ठेव.”

“अरे, पण मेसेजमध्ये तर...”

“आधी खाली ठेव. मग मेसेजचं बघू.”

ठेवली त्याने. मग तो मेसेज मला पाठवला, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

तुमच्याकडेही आला असेल. “जुना गंजलेला मल्टिटूल फेकू नका! कंपन्या लपवतात त्या सहा युक्त्या.” त्या युक्त्या अशा: एक, अख्खा चाकू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. दोन, गंज चिवट असेल तर त्यातच ब्लीच घाला, फेस म्हणजे काम सुरू झाल्याची खूण. तीन, पातं गॅसवर लालभडक तापवून थंड पाण्यात बुडवा, पोलाद पुन्हा कडक होतं. चार, सांध्यांत स्वयंपाकाचं तेल सोडा, नाहीतर डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा, मग आयुष्यभर बघायला नको. पाच, ग्राइंडरवर धार लावा. सहा, अस्सल स्टेनलेसला गंज धरतच नाही, धरला तर माल डुप्लिकेट. (सहावं खरं असेल तर पहिली पाच कोणासाठी लिहिली, हे विचारू नका.)

सोबत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो. आधीच्या फोटोतल्या चाकूच्या पाठीवर बूच काढायचा पिळाचा स्क्रू आहे. नंतरच्या फोटोत त्याच जागी स्टार स्क्रू ड्रायव्हर. म्हणजे रात्रीतून गंज तर गेलाच, वर अवजारही बदललं!

क्रमाने जात नाही. सहातला एक मुद्दा माणसाच्या जिवावर उठणारा आहे, त्याला रांगेत उभं करण्यात अर्थ नाही.

कपड्यांचं किंवा फरशीचं साधं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आणि व्हिनेगर आम्लच आहे, साधारण चार-पाच टक्के ॲसिटिक ॲसिड. मेसेजवाल्याची ती “काम सुरू झाल्याची खूण” म्हणजे विषारी वायू सुटायला लागल्याची खूण. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. वाडगाभर मिश्रणातून तेवढा निघणार नाही, हे मलाही कळतं. पण बाथरूमचं दार लावून, वाडग्यावर ओणवं होऊन, टूथब्रशने खसाखसा घासणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली रेंगाळणारा. तो थेट त्याच्या नाकाशी. आधी डोळे चुरचुरतात, मग खोकल्याची उबळ, मग छाती आवळल्यासारखी होते. मात्रा जास्त झाली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, आणि ते कधीकधी काही तासांनी, आता बरं वाटतंय म्हणून माणूस आडवा झाल्यावर. चुकून मिसळलं गेलंच तर वाडगं उचलून मोरीत रिकामं करायला जाऊ नका. तडक बाहेर मोकळ्या हवेत या, आणि श्वासाचा त्रास होत असेल तर डॉक्टर गाठा. ब्लीच इतर कशात मिसळू नका हा इशारा त्याच्या बाटलीवरच असतो, पण मेसेजच्या अक्षरांपुढे बाटलीवरची अक्षरं वाचतो कोण.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? काहीच नाही. ब्लीच गंज काढत नाही. ते ऑक्सिडायझर आहे, म्हणजे लोखंडाला गंजवण्याच्याच कामाचं. त्यातले क्लोराइड स्टेनलेसचा संरक्षक थर फोडून टाचणीने टोचावीत तशी बारीक छिद्रं पाडतात. ही छिद्रं पॉलिश करून जात नाहीत.

आता तिसरी युक्ती, माझी सर्वांत नावडती. ती खोटी असूनही शहाणपणाची वाटते. लोहार कोयता तापवतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो, हत्याराला ‘पाणी’ चढतं. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय किंवा ऐकलंय. पण लोहाराच्या हातात साध्या पोलादाचा एकसंध तुकडा असतो, तो किती तापलाय हे त्याला रंगावरून कळतं, आणि बुडवल्यावर तो पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. मेसेजवाल्याने मधला चर्र तेवढा उचलला.

व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस चाकू बनवणारी कंपनी आपल्या पात्यांबद्दल काय सांगते ते बघा. पोलादात १५ टक्के क्रोमियम आणि ०.५२ टक्के कार्बन. ते १०४० अंश सेल्सिअसला तापवून कडक करतात, मग १६० अंशांवर पुन्हा बेताने तापवतात, तेव्हा पात्याला रॉकवेल मापावर ५६ इतका कडकपणा येतो. या आकड्यांशेजारी घरची शेगडी ठेवा. पातं लालभडक दिसतं साधारण सातशे-आठशे अंशांच्या आसपास. म्हणजे १६० अंशांची मर्यादा कधीच ओलांडली, कारखान्यात चढवलेलं पाणी उतरलं. आणि १०४० अजून कुठल्या कुठे, त्यामुळे नवं पाणी चढलं नाही. आता ते थंड पाण्यात बुडवा नाहीतर बर्फात, हाती येणार मऊ पत्रा. तोही बहुधा वाकडा, कारण बारीक पातं ज्वाळेत सगळीकडे सारखं तापत नाही.

आणि पातं एकटं तापतच नाही. ते चाकूतून सुटं होत नाही. लाल कवच सेलिडोर नावाच्या प्लास्टिकचं, ते आधी वितळेल. पात्याच्या पाठीमागे स्प्रिंग आहे, तीही तापेल. ती मुद्दाम पात्यापेक्षा मऊ ठेवलेली असते. कंपनीच्याच आकड्यांत पातं ५६, करवत आणि कात्री ५३, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडायचं पातं आणि टोच्या ५२, आणि स्प्रिंग ४९. ज्याला कापायचंय ते कडक, ज्याला वाकून परत जागेवर यायचंय ते त्याहून मऊ. मल्टिटूल म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा समजून त्याला आगीत घालणाऱ्याला हे कळलेलंच नाही की त्याच्या हातात दहा वेगवेगळी हत्यारं आहेत, एकाच मुठीत दाबून बसवलेली.

पहिल्या युक्तीबद्दल मात्र थोडं नमतं घ्यावं लागतंय. व्हिनेगरने गंज सुटतो. खरं आहे, मान्य. एखादा सुटा पाना, जुनी कानस किंवा साध्या पोलादाचा कुठलाही एकटा तुकडा काही तास त्यात ठेवला, मधेमधे काढून घासला, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून आम्ल मारलं, लगेच कोरडा करून तेल लावलं, तर उत्तम काम होतं. लगेच म्हणजे लगेच, कारण उघडं पडलेलं ओलं पोलाद बघता बघता तांबूस होतं. पण अख्खा मल्टिटूल, आणि तोही रात्रभर? स्विस चाकूच्या थरांमधल्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात (१९५१ पर्यंत त्या निकेल-सिल्व्हरच्या असत), रिवेट पितळी, पाती स्टेनलेसची. तीन धातू एकाच आंबट पाण्यात एकमेकांना टेकवून ठेवले की बॅटरीच होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. शिवाय थरांमधल्या केसाएवढ्या फटीत शिरलेलं आम्ल बाहेरून कितीही पुसलं तरी आतच राहतं.

मामाच्या चाकूचं काय झालं होतं ते दुपारी जाऊन पाहिलं. पट्ट्या पांढुरक्या, कळा गेलेल्या. उघडताना वास यायचा. लहान पातं अर्ध्यावर अडकायचं, आणि मामाच्या मते ते गंजामुळे. आधी चिमटा आणि दातकोरणं काढून बाजूला ठेवलं. मग कोमट पाण्यात थेंबभर भांडी घासायचा साबण घातला, चाकू त्यात धरला आणि एकेक अवजार उघडझाप करत राहिलो. पाण्याखाली. वीस-पंचवीस वेळा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून काळं पाणी सुटायला लागलं. मग फटीत लाकडी काडी फिरवली, तर निघाली खिशातल्या निळ्या धाग्यांची वळकटी, पेन्सिलीचा भुसा आणि डांबरासारखा दिसणारा एक चिकट गोळा. जुनं तेल आणि धूळ, दुसरं काय. लहान पातं सुटलं ते तिथेच. गंज होता फक्त मोठ्या पात्याच्या मुळाशी, मसुराच्या डाळीएवढा. त्यावर पितळी ब्रश, मग तेलात बुडवलेला अगदी बारीक पॉलिश पेपर, पात्याच्या लांबीच्या दिशेने. घाई केली नाही. शेवटी साध्या पाण्यातून काढून, सगळी अवजारं उघडी ठेवून चाकू सुकू दिला.

तेलाचं थोडक्यात. स्वयंपाकाचं तेल हवेने घट्ट होत जातं, कढईच्या बाहेर चिकट पिवळा थर बसतो ना, तसं. तो सांध्यात बसला की पुढचा डांबरगोळा तयार. डब्ल्यूडी-४० बद्दल मात्र दोन्हीकडचे चुकतात. १९५३ मध्ये ते बनलं ते पाणी हटवण्यासाठी, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. ओला सांधा कोरडा करायला, जाम झालेला सोडवायला झकास. “त्यात वंगण मुळी नसतंच” म्हणणारेही चूक, असतं. पण मागे राहणारा थर पातळ असतो, त्याच्यावर आयुष्य काढता येत नाही. नंतर प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि त्या पात्याने फळं कापणार असाल तर खाण्यास चालणारं मिनरल ऑइल. एकच थेंब. जास्त झालं तर ते धूळ गोळा करतं.

ग्राइंडरबद्दल वर सगळं आलंच. धारेची कड कागदासारखी असते, चाकावर तिचे १६० अंश व्हायला क्षण पुरतो, शिवाय पातं दर वेळी थोडं थोडं खाल्लं जातं. ओल्या दगडावर, दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस अंशांचा कोन धरून, शांतपणे. कात्री आणि करवतीला हात लावू नका.

राहिलं “अस्सल स्टेनलेस गंजत नाही”. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर धरतो, आणि हवा मिळत राहिली तर ओरखडा आपोआप भरून निघतो. हवा न पोचणाऱ्या, ओल्या, घामाच्या मिठाने भरलेल्या फटीत तो भरत नाही. म्हणून डाग नेहमी सांध्याशी पडतो. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी १९०९ मध्ये आईच्या नावावरून कंपनीला व्हिक्टोरिया नाव दिलं आणि १९२१ मध्ये त्याला ‘इनॉक्स’ जोडलं गेलं, ते ‘न गंजणारं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. आणि नावातच ‘न गंजणारं’ मिरवणारी ही कंपनी गिऱ्हाइकाला काय सांगते? कोमट पाण्यात उघडझाप करा, वाळवा, तेलाचा थेंब सोडा. लपवलेली युक्ती म्हणे!

मामाचा चाकू आता बरा आहे. लहान पातं टक् करून बसतं, मोठ्याच्या मुळाशी करडा डाग राहिलाय, पट्ट्यांची गेलेली कळा काही परत येणार नाही. मेसेजच्या शेवटी “किमान दहा जणांना पाठवा” असं होतं. मामाने सोळा जणांना पाठवला होता. त्या सोळांना मी त्याला समोर बसवून एकेक करून फोन करायला लावले. ब्लीचपर्यंत कोणी गेलं नव्हतं. एका मित्राने मात्र पातं शेगडीवर धरून झालं होतं. मामाने विचारलं, “मग? कडक झालं का?”

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “वाकतंय रे. आणि वाकलेलंच राहतंय.”