‘वर्गीकरण मेलं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘सर्च आल्यापासून ग्रंथालयाचे नियम वेबसाइटला लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं’ असं ठणकावणारा मेसेज सगळीकडे फिरतोय. आरोग्यविषयक वेबसाइट उभी करणाऱ्या माझ्या बहिणीने तो वाचून विषयांच्या यादीचं काम थांबवलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेज म्हणतो, पुस्तक एकाच कपाटात राहतं, वेबपान कुठेही दिसू शकतं, म्हणून वर्गीकरण गैरलागू. ही कपाट आणि तालिका (पुस्तकांच्या नोंदींची यादी) यांची गल्लत आहे. पुस्तक एका जागी असलं तरी लेखक, शीर्षक, विषय अशा वेगवेगळ्या नोंदींतून ते सापडतं. शिवाय भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं विषयवार लावण्याची पद्धत छापली, तेच मुळी विषयाचे पैलू सुटे करून. वैद्यकात अवयव वेगळा, आजार वेगळा, उपचार वेगळा आणि हवे तसे जोडायचे: फुफ्फुस, क्षयरोग, उपचार. खरेदीच्या साइटवर ब्रँड, किंमत, रंग असे फिल्टर लावता तेव्हा हेच तत्त्व वापरता. वेबच्या कितीतरी आधीचं हे काम आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही!

सगळ्यात घातक सल्ला पुढे आहे: ‘प्रत्येकाने सुचेल तो टॅग लावावा, बाकी आपोआप होतं.’ काहीही आपोआप होत नाही. एकाने ‘मधुमेह’ लिहिलं, दुसऱ्याने ‘डायबेटिस’, तिसऱ्याने ‘शुगर’. ‘शुगर’वर टिचकी मारणाऱ्याला आहाराचं पान मिळतं, पण साखर अचानक उतरली तर काय करायचं, हे पान ‘मधुमेह’खाली पडून आहे. ते त्याला दिसणारच नाही, आणि दिसलं नाही हे कळणारही नाही. ग्रंथालयं एक शब्द प्रमाण धरतात आणि बाकीच्यांपुढे ‘पाहा: मधुमेह’ अशी नोंद ठेवतात. एवढी साधी यादी आधी केली तर हा धोका टळतो. आरोग्याच्या साइटवर ती टाळणं मला बेजबाबदारपणाच वाटतो.

वेबसाइटची विषयवार यादी करणारी याहूची निर्देशिकासुद्धा बंद पडली, हे मेसेजमधलं उदाहरण अर्धं खरं आहे. १९९४ साली सुरू झालेली ती निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, कारण अख्खं वेब हाताने लावणं माणसांच्या आवाक्यात नव्हतं. आपल्या साइटची काहीशे पानं मात्र नक्कीच आवाक्यात आहेत. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीचे आकडे जसेच्या तसे मेनूत चिकटवू नयेत, हेही मान्य. १८७६ च्या त्या पद्धतीत २०० च्या वर्गातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला आणि बाकीचे धर्म २९० मध्ये कोंबलेले, असा जुना कल आहेच. पण म्हणून पैलूच ठरवायचे नाहीत, हे कुठून आलं?

राहिला ‘लोक मेनू बघतच नाहीत, थेट शोधतात’ हा मुद्दा. शोधू देत. आलेले निकाल आजार, वयोगट, उपचार यांवर गाळायचे तर पानांवर तशा नोंदी आधी कुणीतरी केलेल्या असाव्या लागतात.