बोर्ड आहे, फक्त रात्री नाही

काल रात्री साडेदहाला अंबाजोगाईहून लातूरला येताना फाटा चुकलो. मी! २० वर्षं याच रोडवर गाडी हाणलेला माणूस! पुलाचं काम काढलंय म्हणून वळण दिलंय, तिथं बोर्डपण लावलाय, पण रात्री तो बोर्ड नसतो, काळा पत्रा असतो नुसता. त्याच्यावर बाण होता हे कधी कळलं, तर चार किलोमीटर पुढं एका वस्तीवर कुत्री मागं लागल्यावर. ओट्यावरचा म्हातारा निवांत म्हणतो, "पाव्हणं, लातूरचा फाटा मागं ऱ्हायला की."

परत आलो, मोबाईलची बॅटरी मारली. बाण अर्धा सोललेला, उरलेल्या अर्ध्यावर नीटच्या क्लासचं स्टिकर. चमकलं काय? स्टिकर!

नियम नाही असं नाही हो. आयआरसी ६७ म्हणून रस्त्यावरच्या बोर्डांच्या नियमांचं अख्खं पुस्तक आहे, हेडलाइटचा उजेड बोर्डावरून परत गाडीकडंच आला पाहिजे असा शीट लावा म्हणून. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम पण घातलं. रस्ता मानकाप्रमाणं नाही आणि त्यापायी कुणी मेलं नाहीतर अपंग झालं, तर ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. म्हणजे आधी मी मरायचं! नुसती कुत्री मागं लागली तर कलम नाही.

आणि माझ्या जुन्या दुचाकीला मात्र चमकणारी नंबरप्लेट पाहिजे, साडेचारशे अन् वर जीएसटी, नाही लावली तर दंड. माझा नंबर सरकारला अंधारात दिसला पाहिजे, सरकारचा बाण मला नाही दिसला तरी चालतंय. उसाच्या ट्रॉलीला तर मागं लाल चिंधीसुद्धा नसते, अन् प्रत्येक गावापुढं बिनपट्ट्याचा स्पीडब्रेकर, तो कंबरेलाच कळतो. समोरून डिपर न देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तोंड खराब होतं.

आज सकाळी मेकॅनिकपुढं हेच सगळं ओरडत होतो. त्यानं गाडी भिंतीपुढं लावली, लाइट चालू केला. उजेड सरळ पत्र्याच्या छतावर. "काका, बोर्ड कसा चमकंल, तुम्ही तर रात्रभर वटवाघळं बघत आलाव." स्क्रू फिरवायचे पन्नास रुपये घेतले.

संध्याकाळी मुद्दाम परत गेलो. आता लाइट बरोब्बर बोर्डावर पडतोय. काळा पत्रा एकदम स्पष्ट दिसतो.