मुंबईला निघालेलं विमान आणि भाड्याच्या बंदुका

परवा भाच्याने एक रील पाठवली. जुना फोटो, हातात बंदूक घेतलेला गोरा माणूस, मागे जोरदार म्युझिक आणि वर नाव 'मॅड माइक'. खाली भाच्याचा मेसेज: "मामा, काय डेअरिंग माणूस होता!" मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. पण दोन दिवस ते मनात खदखदतंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हा माइक होर. जन्म कोलकात्याचा, आईवडील आयरिश. १९६४ मध्ये काँगोत सरकारविरुद्ध उठलेलं सिंबा बंड मोडायला भाडोत्री सैनिकांची तुकडी घेऊन गेला आणि जगभर गाजला. त्याच्या डेअरिंगचा एक किस्सा मात्र रीलमध्ये नव्हता.

२५ नोव्हेंबर १९८१. हिंदी महासागरातला सेशेल्स हा चिमुकला देश, स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. होर आणि त्याची चाळीसेक माणसं पर्यटक बनून तिथल्या माहे बेटावरच्या विमानतळावर उतरली. बिअर पिणाऱ्यांच्या क्लबची सहल आहे, गरीब मुलांना खेळणी वाटायची आहेत, अशी बतावणी. बॅगेत वर खेळणी, खाली चोरकप्प्यात एके-४७. राष्ट्राध्यक्ष अल्बर्ट रेने यांचं सरकार उलथवायचं होतं. बरेच जण कस्टममधून सुटलेही. पण एका कस्टमवाल्याच्या हाताला बॅगेतली बंदूक लागली आणि विमानतळावरच गोळीबार पेटला.

त्या गोळीबारातच एअर इंडियाचं बोइंग ७०७ तिथे उतरलं. सॅलिसबरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, मुंबईला निघालेलं. कॅप्टन होते उमेश सक्सेना. बेत फसलेली ही टोळी त्या विमानात घुसली, आपल्या एका मेलेल्या साथीदाराचा मृतदेहही तिने बरोबर घेतला आणि विमान दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला न्यायला लावलं. प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप सुटले. पण मला सारखी दिसते ती मुंबई विमानतळावरची रात्र. मोबाइल नाही, काही नाही. कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ येणार म्हणून लोक उभे, आणि विमानाचा पत्ता नाही.

भाच्या, शस्त्र नसलेल्या प्रवाशांच्या जिवावर पळ काढला त्याने. याला डेअरिंग म्हणायचं?

आणि पुढे काय झालं? दक्षिण आफ्रिकेने त्यातल्या एकोणचाळीस जणांना सरळ सोडून दिलं. फक्त पाच जणांवर गुन्हा, तोही विमान अपहरणाचा नाही. जगभरातून ओरड झाल्यावर अपहरणाचा खटला उभा राहिला. होरला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९८५ मध्ये तो बाहेरही आला. टोळीत दक्षिण आफ्रिकेच्या गुप्तचर खात्याचा माणूस होता. शस्त्रं लष्कराकडून मिळाली, असं होरनेच कोर्टात सांगितलं. सरकारने कानावर हात ठेवले, आणि एकाही मंत्र्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही.

नारायणराव पेशव्यांवर तलवार चालवली गारद्यांनी. पण अडीचशे वर्षं आपण विचारतोय ते 'ध चा मा' कोणी केला. आफ्रिकेतल्या या प्रत्येक प्रकरणात मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. बंदूकवाल्याचं नाव आपल्याला पाठ असतं, त्याला पैसे मोजणारा नामानिराळा राहतो.

कटांगाचंच घ्या. काँगो ३० जून १९६० ला स्वतंत्र झाला आणि ११ जुलैला कटांगा हा त्याचा सगळ्यात श्रीमंत प्रांत फुटून निघाला. तांबं, कोबाल्ट, युरेनियमचा प्रदेश. खाणी युनियन मिनियेर या बेल्जियन कंपनीच्या ताब्यात, आणि तिने भरलेल्या करांवरच कटांगाचा नेता त्शोंबे याचं फुटीर सरकार उभं. त्याच्या सैन्यात बेल्जियन अधिकारी आणि ठिकठिकाणचे भाडोत्री. देशाचे निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ ला याच कटांगात गोळ्या घातल्या, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या देखत.

तिथे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने आपलेही जवान होते. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये, आजच्या लुबुम्बाशीत, कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया सोळा गुरखा जवान घेऊन कटांगाच्या नव्वदेक सैनिकांवर तुटून पडले. समोर दोन चिलखती गाड्या, यांच्या हातात खुकऱ्या. मानेला गोळी लागली तरी कोसळेपर्यंत लढले. वय सव्वीस. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. त्यांच्या नावाची एक तरी रील तुमच्या फोनवर आली आहे का? माझ्या नाही आली.

हे सगळं जुनं झालं, असं कृपा करून म्हणू नका. २०२२ च्या मार्चमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, मौरा गावात काही दिवसांत किमान पाचशे माणसं मारली गेली. मारणारे मालीचे सैनिक आणि त्यांच्यासोबतचे परदेशी लढवय्ये, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या काळात मालीच्या लष्करासोबत रशियाचा वॅग्नर हा भाडोत्री सैनिकांचा गट होता. वॅग्नरशी आपला संबंध नाही, असं रशिया वर्षानुवर्षं सांगत आला. मग जून २०२३ मध्ये, वॅग्नरने मॉस्कोकडेच मोर्चा वळवल्यावर, पुतिन स्वतः बोलून गेले की या गटाचा सगळा खर्च सरकारच करत होतं.

भाचा रविवारी जेवायला येतोय. काल फोनवर त्याला सालारियांबद्दल विचारलं, तर नाव ऐकलं नव्हतं त्याने. दोष त्याचा नाही, आम्हीच कधी सांगितलं नाही. जेवणं झाली की नकाशा काढून बसणार आहे मी त्याच्यासोबत.