गुरुकृपा, दुसरा मजला

"मावशी, तू प्रोफेशनल नाहीस," असं भाचा म्हणाला, तेव्हा मी शंकरपाळ्यांच्या डब्याच्या झाकणावर गुडघा देऊन बसले होते. झाकण लागत नव्हतं. तशा अवस्थेत बाईला काहीही ऐकून घ्यावं लागतं.

भाचा एमबीए करतोय, म्हणजे दिवाळीत घरी असतो आणि बोलायला मोकळा असतो. मी डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत फराळाचे हँपर करते. बांबूची टोपली, तिच्यात चकल्या, करंज्या, चिवडा, शंकरपाळे, दोन पणत्या, उटणं आणि एक मोती साबण. वरून जिलेटिन पेपर, त्याला रिबीन. पहिल्या वर्षी ११ टोपल्या गेल्या होत्या, यंदा ४२. दिवाणावर टोपल्या, फ्रिजवर टोपल्या, आणि नवरा जिथे जागा उरेल तिथे.

पहिल्या वर्षी मी खूप शिकले. उटण्याची पुडी शंकरपाळ्यांना खेटून ठेवली होती. भाऊबीजेला एका बाईंचा फोन आला, "शंकरपाळे खुसखुशीत आहेत हो, पण खाल्ले की अभ्यंगस्नान झाल्यासारखं वाटतं." तेव्हापासून साबण आणि उटणं एका कोपऱ्यात, खाणं दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये पणत्यांची भिंत. करंज्या कधी तळाशी घालायच्या नाहीत. चकलीचा डबा गरम असताना बंद करायचा नाही, आतून घाम येतो आणि चकली रबरासारखी होते. हे कोणी एमबीएत शिकवत नाही, मी भाच्याला विचारलंय.

कागदपत्रांत मात्र मी पक्की आहे. शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केली आणि तिचा १४ आकडी नंबर लेबलवर छापून घेतला. तो नंबर आजवर एकाच माणसाने वाचला. नवऱ्याने. लेबलं चिकटवून झाल्यावर, चष्मा लावून, बोट ठेवून मोजत तो म्हणाला, "हे तेराच आहेत." त्या रात्री आम्ही दोघं काही न बोलता लेबलं सोलत बसलो.

तर भाच्याने माझा धंदा सुधारायला घेतला. तीन गोष्टी ठरल्या. प्रत्येकाला वेळ द्यायची, अकरा ते बारा वगैरे. घेणाऱ्याच्या मोबाइलवर आधी चार आकडे पाठवायचे, ते त्याने सांगितले तरच टोपली द्यायची. आणि टोपली दिल्यावर घेणाऱ्याचा फोटो काढून पैसे भरणाऱ्याला पाठवायचा. याला प्रूफ म्हणतात. माझी बरीचशी गिऱ्हाइकं परदेशात आहेत. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील डोंबिवलीत, आणि मध्ये मी. त्यामुळे मलाही ते पटलं.

पहिलीच टोपली चौथ्या मजल्यावर. आमच्याकडच्या जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही आणि माझ्या गुडघ्यांना वॉरंटी नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीतून आजोबांनी मला नीट न्याहाळलं.

"काका, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगता?"

"नाही सांगणार."

"अहो, तुमच्या मुलाने फराळ पाठवलाय."

"मुलगा असो नाहीतर जावई. बँकेने सांगितलंय, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही."

यावर काय बोलणार? माणूस शंभर टक्के बरोबर होता. मी टोपली जाळीसमोर धरून चकलीचा डबा दाखवला, त्याने संशय वाढला. शेवटी त्यांनी न्यू जर्सीला फोन लावला. तिथे रात्रीचे दोन वाजले होते. मुलगा घाबरून उठला, त्याला वाटलं बाबांना काही झालं. मग मी, आजोबा आणि न्यू जर्सी असे तिघंही एकमेकांवर चिडलो आणि टोपली आत गेली. ओटीपी त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही.

दुसऱ्या घरी फोटोचं. "काकू, टोपली हातात धरा, एक फोटो काढते," म्हणाले. काकूंनी स्वतःच्या गाऊनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अमेरिकेत जाणार ना हा? थांब, साडी बदलते." साडी बदलायला वीस मिनिटं, कारण मॅचिंग ब्लाउज माळ्यावरच्या बॅगेत होता आणि तो स्टुलावर चढून मीच काढून दिला. तोवर काकांनी शर्ट घातला. शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्याही पदर सावरून उभ्या राहिल्या. फोटोत सगळे आले, टोपली नाही आली.

आणि चहा. अकरा ते बारा ही वेळ ज्याने शोधली त्याने डोंबिवलीत कुणाच्या दारी फराळ नेलेला नाही. "दारातून जातेस? दिवाळीचं?" असं म्हटलं की चपला काढाव्याच लागतात. मग पाणी, मग चहा, मग "घरी कोणकोण असतं", आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच, "केवढ्याला पडलं गं त्याला?" आकडा सांगावा तर, "अगं बाई, एवढ्यात मी घरी तीन किलो केलं असतं!" न सांगावा तर चहा दुसऱ्यांदा येतो. बारापर्यंत माझ्या पोटात पाच चहा आणि पिशवीत सहा टोपल्या होत्या.

त्या गडबडीत गुरुकृपाचं झालं.

डोंबिवलीत गुरुकृपा नावाच्या किती इमारती असतील ते गुरूच जाणे. मला माहीत असलेल्या तीन आहेत. त्यातल्या दोन मारुतीच्या देवळामागेच, मारुती फक्त वेगवेगळे. मी दुसरा मजला चढले, दारावरचं आडनाव जुळलं. कोणतं ते लिहीत नाही, आमच्याकडे ते दर तिसऱ्या दारावर असतं. एक ठेंगण्या आजी आल्या. "तुमच्या मुलीने पाठवलंय," म्हटलं. आजींचे डोळे भरून आले. ओटीपी विचारायला मला लाज वाटली, फोटोचं लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी कॅनडाहून मेसेज, "आईला काहीच मिळालं नाही." मी धावत त्या आजींकडे. त्या पाय पसरून निवांत चिवडा खात होत्या. "मला मुलगी नाहीच," त्या म्हणाल्या. "दोन मुलगेच. मी म्हटलं, एवढ्या प्रेमाने कोणी आणलंय तर कशाला नाही म्हणा. आणि ऐक, चकलीत मोहन जास्त झालंय तुझ्या."

खऱ्या गुरुकृपात मी रात्री नऊला पदरची टोपली पोचवली.

दुसऱ्या दिवशी मुलुंड. भर दुपारची स्लो लोकल, बायकांचा डबा, मांडीवर तीन टोपल्या. समोर कानातली आणि क्लिपा विकणारी मुलगी उभी. कोपर स्टेशन गेलं आणि एका बाईने रिबिनीला हात लावून विचारलं, "ही केवढ्याला?" मी म्हटलं, विकायची नाही. "मग गाडीत कशाला आणलीस?" क्लिपावाली माझ्याकडे अशी बघू लागली की मी तिच्या इलाख्यात घुसलेय. मुंब्र्यापर्यंत डब्यातल्या निम्म्या बायकांनी जिलेटिनवरून चकल्या मोजल्या होत्या. ठाण्याला उतरताना त्या पहिल्या बाईने मात्र ऑर्डर दिली. मी डायरी काढून पत्ता लिहून घेतला. दिवा पूर्व, गुरुकृपा, मारुतीच्या देवळामागे.

नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवरची ऑर्डर मी आता घेतच नाही. त्या दिवशी गणपतीच्या देवळापासून सगळी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून रस्ता भरून उभी असते. गेल्या वर्षी टोपली डोक्यावर धरून त्यातून निघाले, तर चौघांनी प्रसाद समजून हात पुढे केले. एकाला मी खरंच शंकरपाळा दिला. दिवाळी होती, काय करणार.

भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी, मी तेलाचे डबे घासत असताना बेल वाजली. दारात त्या ठेंगण्या आजी, आणि हातात माझी टोपली. जिलेटिन पेपर घडी करून आत ठेवलेला, रिबीन गुंडाळून रबर लावलेली. टोपली तुमचीच आहे आजी, पैशात धरलेली असते, असं मी सांगू लागले. आणि मग आठवलं की पैसे कुणी दिलेच नव्हते.

"रिकामी कशी आणू?" म्हणत त्यांनी पेपर बाजूला केला. खाली स्टीलचा डबा, डब्यात चकल्या. माझ्याहून बारीक काट्यांच्या. त्यांनी मला तिथल्या तिथे एक खायला लावली आणि मी गिळेपर्यंत बघत राहिल्या. मोहन अगदी बेताचं होतं.

मग कमरेची पिशवी उघडून त्यांनी मोबाइल काढला.

"टोपली धर हातात. फोटो काढते. उद्या म्हणशील, मिळाली नाही."

मी स्वतःकडे बघितलं. गाऊन, कोपरापर्यंत तेल, केसांत बेसन.

"थांबा आजी," मी म्हटलं, "साडी बदलते."