खिचडीसाठी शाळेत येणारी मुले

‘झेडपीच्या शाळेतली मुले शिकायला नव्हे, खिचडी खायला येतात, सरकारने अंडी बंद केली ते बरेच झाले,’ असे आमच्या काकांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले. मी विरोध केला, तेव्हा ‘लंडनला बसून तुला इथले काय कळणार?’ असे उत्तर आले.

मुले खिचडीसाठी येतात हे खरे आहे, आणि ती यावीत म्हणूनच शाळेत जेवण देण्याची ही मध्यान्ह भोजन योजना आहे. १९९५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आमच्याकडे शिजवलेले अन्न नव्हे, तर ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतून मी तो पिशवीत घालून घरी नेत असे आणि आई तो सगळ्यांसाठी शिजवत असे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. तो आजीपाशी राही, मधल्या सुट्टीत हापशाचे पाणी पिऊन वर्गात परते आणि गणिताच्या तासाला पाटीवर डोके टेकवून झोपी जाई. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यानंतर कुठे मुलाच्या वाट्याचा घास त्याच्याच पोटात जाऊ लागला. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यात आठवड्याला एक अंडे घातले आणि न खाणाऱ्यांसाठी केळे ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि हवी तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. तामिळनाडूत शाळेच्या ताटात आठवड्यातून पाच अंडी पडतात. त्या राज्याची अर्थव्यवस्था काही आपल्यापेक्षा मोठी नाही.

माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जेवते. सप्टेंबर २०२३ पासून लंडनच्या महापौरांच्या निधीतून सर्वच मुलांना हे जेवण फुकट मिळते. त्याआधीही पहिल्या तीन इयत्तांना ते होतेच. शुक्रवारी फिश अँड चिप्स असते, शाकाहारी मुलांचे ताट वेगळे असते आणि त्यावरून कोणाचा धर्म बुडत नाही. इंग्लंडमध्ये लंडनबाहेर परिस्थिती इतकी चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही दोन पगार घरात येणाऱ्या माझ्या मुलीला ‘फुकटे’ म्हणायला इथे कोणी धजत नाही, आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला मात्र माझ्याच घरची माणसे तसे म्हणतात, याची मला मनापासून लाज वाटते. ते गाव आता माझे राहिले नसते, तर ती वाटली नसती.

गावच्या शाळेच्या वर्षभराच्या अंड्यांचे पैसे पाठवणे मला जड नाही आणि ते मी पाठवीनही. पण मग ते अंडे माझ्या मर्जीवर अवलंबून राहील. माझी नोकरी गेली की त्या मुलाच्या ताटातून तेही जाईल. माझ्या मुलीचे जेवण कोणा दानशूराच्या मर्जीवर चालत नाही. त्या मुलाचेही अर्थसंकल्पातूनच आले पाहिजे.