जिनचा वास झाडाचा का सेंटाचा? पारावरचं भांडण

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात डिसेंबरात पारावर बसलं की विषय एकच, संत्र्याचा भाव, कोणाचा बगीचा ठोक गेला, कोणाचा व्यापारी पळाला. त्या दिवशी विषय भलतीकडं गेला आणि माझ्या डोक्यातून अजून गेला नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

पिंट्या गोव्याहून आला होता, तिथं एका हॉटेलच्या बारमध्ये कामाला आहे. तो सांगत होता की बारमध्ये आता जिन नावाची दारू लय चालते, तिच्यात बोटॅनिकल्स असतात म्हणजे झाडपाल्याचे जिन्नस, बिया, मुळ्या, आणि संत्र्याची सालसुद्धा. गजाभाऊ खर्रा घोटत होते, हात थांबला.

"सालपट? आमी उकिरड्यावर टाकतो थे?"

"हौ भाऊ, वाळवलेली साल."

"अबे कायचं सालपट! स्पिरिट घेतेत, सेंट टाकतेत, लेबल लावतेत, झालं. पुण्याले मले पाजली होती एकानं, कडूजहर लागली न वरून सेंटाचा वास."

कडूचं पिंट्यानं लगेच सांगितलं की तो कडूपणा जिनचा नाही, तिच्यात मिसळतात त्या टॉनिक पाण्याचा, त्यात क्विनाइन असतं, सिंकोना झाडाच्या सालीतलं, मलेरियावर द्यायचे तेच. पण गजाभाऊंचा खरा मुद्दा सेंटाचा होता, आणि मला तो मुद्दा महत्त्वाचा वाटला, कारण वास झाडातून आला का फॅक्टरीतल्या बाटलीतून हा फरक ज्याचं आयुष्य झाडावर चालतं त्याला तरी समजला पाहिजे.

पिंट्या म्हणे, आधी स्पिरिट एकदम कोरं करतात, धान्यापासून नाहीतर आपल्याकडे उसाच्या मळीपासून, इतकं गाळतात की 96 टक्के अल्कोहोल राहते आणि वास म्हणून काही उरत नाही. मग कोणीतरी विचारलं, मंग मोहाच्या दारूले वास कसा? तर तिथं मोहफूलच आंबवलेलं असतं, म्हणून फुलाचा वास सोबतच येतो, जिनमध्ये आधी पाटी कोरी करायची आणि मग झाडांकडून वास आणायचा.

त्यातलं मुख्य झाड जुनिपर. जिन हे नावच तिथून आलं, डच लोक तिला जेनेव्हर म्हणायचे. त्याला जुनिपर बेरी म्हणतात पण ते फळ नाही, देवदारासारखंच शंकू आहे, फक्त गरदार आणि निळंकाळं. आयुर्वेदात याच कुळाला हपुषा म्हणतात, हिमालयात होते, आणि गोव्यात हपुसा नावाची जिनच बनते. युरोपात तर कायदाच आहे की जुनिपरची चव सगळ्यात वर पाहिजे, नाहीतर जिन म्हणता येत नाही.

मास्तर तोवर गप्प होते. केमिस्ट्री शिकवतात, त्यामुळे आम्हाला वाटलं पिंट्याची बाजू घेतील. ते म्हणाले, जुनिपरच्या वासात मोठा भाग अल्फा-पायनीन नावाच्या तेलाचा, टर्पेंटाइनमध्येही तेच असतं. मग धन्यावर आले, जुनिपरनंतर जिनमध्ये सगळ्यात जास्त धनेच पडतात, आणि धन्यात लिनालूल नावाचं वासाचं तेल. गजाभाऊ म्हणाले सांबाराचा (म्हणजे कोथिंबिरीचा) वास तर मले दारूत चालनार नाई. मास्तर म्हणाले, सांबार वेगळा आणि धने वेगळे, तुमीच पाह्यलं असन वावरात, बी हिरवं असते तवा त्याले पानासारखा, ढेकणासारखा वास येते, वाळलं की लिंबासारखा गोड वास येते, झाड तेच, आतलं तेल बदलते. गजाभाऊंनी मान हलवली, कारण हे त्यांनी दरसाली हुंगलेलं होतं.

आणि मग मास्तरांनी बाजूच पलटवली.

"पन एक सांग पिंट्या. अल्कोहोल उकळते 78 अंशाले. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन उकळते 176 ले, पायनीन 155 च्या वरच. तुयी भट्टी चालते 80-90 वर. मंग थे तेल वर येईन कसं? सालपट खालीच शिजत राहीन, वर येईन कोरं स्पिरिट. म्हंजे गजाभाऊ बरोबर हायेत, सेंट मागूनच टाकत असतीन."

पिंट्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. गजाभाऊंनी पायाखालच्या पिशवीतलं संत्रं काढून सोललं आणि पहिल्यांदा सालपट नाकाशी नेलं, जसं काही पुरावा तपासतायत.

उत्तर आलं आबाजींकडून. आबाजी माळकरी, आयुष्यात थेंब घेतला नाही, दारूचा विषय निघाला की एरवी उठून जातात (आणि त्यांचं बरोबरच आहे, दारूपायी बसलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली). पण वासाच्या गोष्टीवर ते बसून राहिले.

"मास्तर, धोतर दोरीवर वाळते का नाई?"

"वाळते."

"पानी उकळते का दोरीवर?"

मास्तर हसले, पण आबाजी मस्करी करत नव्हते. तरुणपणी ते मेळघाटाकडं तिखाडीच्या भट्टीवर कामाला होते. तिखाडी म्हणजे रोशा गवत, त्याचं तेल पूर्वी आपल्या वऱ्हाडातून आणि खानदेशातून बाहेर जायचं, अत्तरासाठी, साबणासाठी. गवत फुलावर आलं की कापायचं, मोठ्या हंड्यात दाबून भरायचं, खाली पाणी, खाली जाळ, वरून नळी काढून ती थंड पाण्यातून न्यायची. "पानी उकळे, वाफ गवतातून जाय, न जाता जाता तेल घेऊन जाय. नळीतून पानी न तेल संगच पडे, तेल वरतं तरंगे. जाळ कमीच असे, तेल काई एकटं उकळत नसे, वाफेच्या पाठीवर बसून ये."

वाफेच्या पाठीवर बसून ये. मास्तर थोडा वेळ गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले की आबाजी बरोबर आहेत, मी चुकलो. रोशा तेलातलं जिरॅनिऑल तर 230 अंशाला उकळते, तरी ते 100 च्या आतच येते, कारण उकळायच्या लय आधीपासून ते थोडं थोडं हवेत सुटत असते आणि वाफेचा लोंढा त्याला ओढून नेते. जिनच्या भट्टीत पाणी आणि अल्कोहोल दोघांची वाफ, आणि अल्कोहोलात तेल विरघळते म्हणून वर तरंगत नाही, प्रत्येक थेंबात राहते. माणूस शिकवतो त्यानं असंच चटकन मान्य करायला पाहिजे, मला मास्तर त्या दिवशी फार आवडले.

गजाभाऊ तरी मानेनात. तेवढ्यात ठेल्यावरचा चहाचा गंज, म्हणजे पातेलं, उकळत होता, गवती चहा आणि अद्रक टाकलेला, वर ताटली झाकलेली. आबाजींनी ती उचलायला लावली. खालच्या बाजूला जमलेले थेंब गजाभाऊंनी बोटानं चाटले. रंग नाही, साखर नाही, अद्रकाचा चरका नाही, पण गवती चहाचा वास भरपूर.

माझ्या मते सगळं भांडण तिथंच संपायला पाहिजे होतं, कारण जिन म्हणजे नेमकं ताटलीखालचं पाणी आहे. जे उडते ते वर येते आणि जे जड आहे ते खाली राहते. म्हणून भिवापुरी मिरची टाकली तर मिरचीचा वास येईल, झोंबणार नाही. हपुसात हळद पडते तरी ती पाण्यासारखी पांढरी. जिनमध्ये जेष्ठमध टाकतात पण त्याचा मुख्य गोडवा हंड्यातच राहतो. झाड अख्खं बाटलीत जात नाही, फक्त त्याचा श्वास जातो म्हणा.

मग पिंट्याला जोर आला. त्यानं गोव्यात एक भट्टी पाहिली होती, तिथं म्हणे पहिल्यांदा लिंबा-संत्र्याचा वास येतो, हलका असतो म्हणून, मग जुनिपर आणि धने, शेवटी मुळ्यांचा मातकट वास, आणि कुठून धरायचं, कुठं थांबवायचं हे बनवणारा माणूस नाकानं ठरवतो. काही जण जिन्नस भिजत ठेवतात, बीफईटर नावाच्या जिनवाले 24 तास ठेवतात, बॉम्बे सफायर जिनवाले स्पिरिटात टाकतच नाहीत, वर जाळीत ठेवून नुसती वाफ त्यातून नेतात, म्हणजे आबाजींच्या गवतासारखंच. टँकरे नावाच्या जिनमध्ये जिन्नस चारच, मंकी 47 नावाच्या जिनमध्ये सत्तेचाळीस. ओरिस नावाचं एक मूळ आहे, ते काढल्यावर दोन-तीन वर्षं नुसतं वाळत ठेवतात तेव्हा कुठं त्याला वास धरतो. आम्ही संत्रं दोन आठवडे ठेवायला घाबरतो, तिथं मूळ वर्षानुवर्षं ठेवतात, हे ऐकून सगळेच गप्प झाले.

गजाभाऊ अर्धे बरोबर होते हेही सांगितलं पाहिजे. कोऱ्या स्पिरिटात तयार फ्लेवर मिसळून केलेली जिन असतेच, आणि ती विकायला बंदी नाही. बाटलीवर लंडन ड्राय असं लिहिलेलं असलं तर मात्र सगळा वास भट्टीतूनच आलेला पाहिजे, मागून फ्लेवर टाकता येत नाही, साखरसुद्धा लिटरला 0.1 ग्रॅमच्या वर नाही. आणि त्यासाठी ती लंडनमध्ये बनायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गजाभाऊ स्वतःच शेरभर सालपटं घेऊन आले. ठेलेवाल्याकडून एक गंज मागितला, साधं पाणी, त्यात सालपटं, वर ताटली उलटी, ताटलीवर थंड पाणी. दारूचा संबंध नाही म्हणून आबाजी जवळ येऊन बसले आणि जाळ कमी कर, जाळ कमी कर सांगत राहिले. वीसेक मिनिटांनी ताटली काढली. खालचं पाणी पिवळं झालं होतं, गजाभाऊंनी चमचाभर घेतलं आणि थुंकलं, कडू. मग ताटलीचे थेंब वाटीत निथळून घेतले, जेमतेम दोन चमचे, बिनरंगाचे, वर तेलाचा बारीक तवंग. ते त्यांनी जिभेवर धरले, बराच वेळ.

"कडू नाई," म्हणाले. मग वाटी आबाजींच्या नाकापाशी नेली. "पाह्य ना आबाजी, आपल्याच बगीच्याचा वास हाय."