येशू स्वतः यात्रेकरू होता

सप्टेंबर उजाडला, बांद्र्याची माउंट मेरीची जत्रा जवळ आली, की एक मेसेज फिरू लागतो: ‘बायबलमध्ये तीर्थयात्रा नाहीच. येशूने ती मोडीत काढली, शिष्यांनीही सोडली. ख्रिस्ती माणसाची यात्रा फक्त आत्मिक.’

‘नाहीच’? बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात वर्षातून तीनदा सण पाळायची आज्ञा आहे. तिथे ‘तीन वेळा’मधल्या ‘वेळा’साठी जो हिब्रू शब्द येतो, ‘रेगालीम’, त्याच्या मुळाशी आहे पाय. सणासाठीचा ‘हग’ तर अरबी ‘हज’चा सख्खा भाऊ. बायबलमधलंच ‘अनुवाद’ हे पुस्तक (१६:१६) म्हणतं, देव निवडील त्या ठिकाणी या, आणि रिकाम्या हाताने येऊ नका. यरुशलेमचं मंदिर उभं राहण्याआधी लोक शिलो गावच्या देवस्थानाला जात. शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना दरवर्षी तिथे जाताना, तिथेच देवाच्या सेवेला ठेवलेल्या लेकासाठी छोटा झगा शिवून न्यायची.

येशूने मोडीत काढली म्हणावं, तर लूक २ वाचा. आईबाप दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमला जात. बारा वर्षांचा येशू तिथेच मागे राहिला आणि घरच्यांना पत्ता नाही. असेल कुणा नातलगाबरोबर, म्हणून ते दिवसभराची वाट चालून गेले. आपल्याकडे दिंडीत पोर चुकतं ते असंच. पोर दिवसभर दिसलं नाही तरी आई निर्धास्त, म्हणजे सोबतचा जथा केवढा असेल!

मेसेजवाल्यांचा हुकमी पत्ता म्हणजे योहान ४. शोमरोनी लोक यरुशलेमऐवजी आपल्या डोंगरावर उपासना करत. त्यांतल्या एका स्त्रीला येशू सांगतो, या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही. खरी उपासना आत्म्याने आणि खरेपणाने. बरोबर, उपासना जागेला बांधलेली नाही. पण जरा पुढे वाचा. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो सणासाठी यरुशलेमला निघालाय. सातव्यात मांडवांच्या सणाला गुपचूप जातो. दहाव्यात, ऐन हिवाळ्यात, समर्पणाच्या सणाला मंदिरातल्या शलमोनाच्या देवडीत फिरतोय.

शिष्यांचं म्हणाल, तर पन्नासाव्या दिवसाचा सण यरुशलेमात गाठायचा म्हणून प्रेषित पौलाने वाटेतलं इफिस शहरसुद्धा टाळलं.

आत्मिक यात्रेचं म्हणणं मात्र निम्मं खरं. इब्री ११ विश्वासणाऱ्यांना पृथ्वीवरचे परके आणि प्रवासी म्हणतं. पण ते ज्यांच्याबद्दल बोलतं तो अब्राहाम खरोखरच घर सोडून चालला होता, तंबूत राहिला होता.

गंमत म्हणजे यात्रेविरुद्धचं सगळ्यात जळजळीत वचन या मेसेजमध्ये नाहीच. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५वा अध्याय: बेथेलला जाऊ नका, गिलगालला जाऊ नका, बैर-शेबाला जाऊ नका. का? तर गरिबाकडून धान्य उकळायचं, वेशीत लाच खाऊन न्याय फिरवायचा आणि वर सण साजरे करायचे. आमोसचा राग यात्रेकरूच्या हातांवर आहे, पायांवर नाही.

माउंट मेरीला जा, मेणाचा हात-पाय वाहा, असं बायबल कुठेच सांगत नाही. आक्षेप त्यावर असेल तर तेवढाच घ्या.